तेरावा पंखा

१

वहिनींचा कामाचा दिवस एका जड दारापासून सुरू व्हायचा. पहिल्या मजल्यावरचा लांब बोळ, उजवीकडे वाचनखोली, डावीकडे रेकॉर्डिंगच्या दोन बंदिस्त खोल्या, आणि बोळ संपतो तिथे ते दार. दाराला डोक्याच्या उंचीवर ताटाएवढी काच. काचेपलीकडे बारा महिने तेरा काळ थंडी.

संस्था बोलत्या पुस्तकांची. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथे माणसं मोठ्याने पुस्तकं वाचत. ते सगळे आवाज बोळाच्या टोकाच्या खोलीत, कपाटाएवढ्या एका लोखंडी सांगाड्यात राहत. सांगाड्याला म्हणायचं रॅक, आणि त्यात एकावर एक सरकवलेल्या चपट्या यंत्रांना सर्व्हर. "म्हणजे ताटाळ्यात ताटं," असं वहिनी पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, आणि भाऊ इतके हसले होते की त्यांना ठसका लागला होता.

भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. बावीस वर्षं ही खोली त्यांनी सांभाळली. सगळी संस्था त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून दुपारी डबा घेऊन येणाऱ्या बाईंना सगळ्यांनी वहिनी करून टाकलं.

रॅकमध्ये यंत्रं बारा, पण सगळ्यात वरच्या यंत्रावर चिकटवलेला आकडा अकरा. कारण खालच्या पहिल्यावर शून्य.

"आमच्यात मोजणी शून्यापासून," भाऊ सांगायचे. "घरातसुद्धा तसंच. मी शून्य, तू एक, आपली लेक दोन."

"म्हणजे तुम्ही मोजणीतच नाही."

"अगं, मी नसलो तर मोजणी सुरूच होत नाही!"

ही नुसती गंमत नव्हती. त्यांच्या आधीच्या नोकरीत कुणी फोनवर सांगितलं, चौथी डिस्क बिघडलीय, काढ. ऐकणाऱ्याने चार आकडा लिहिलेली काढली. ती पाचवी होती, आणि ठणठणीत चालू होती. "आजारी माणूस घरीच, आणि धडधाकट माणसाला नेलं हॉस्पिटलात," भाऊ म्हणायचे. तेव्हापासून ते मोजून सांगत नसत, आकडा वाचून सांगत. वहिनींनाही तीच सवय लागली.

भाऊ गेल्याला आता आठ महिने झाले होते. संस्था चालवणाऱ्या बाईंनी वहिनींना बोलावून सांगितलं, "यंत्रं दुरुस्त करायला बाहेरून इंजिनिअर येईल. पण रोज सकाळी बघायला कुणीतरी हवं. तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं इथे दुसऱ्या कुणालाही नाही."

म्हणून वहिनी रोज सव्वाआठला येत. खोलीतलं तापमान वहीत लिहीत, सगळे दिवे हिरवे आहेत ना ते बघत, कोरड्या फडक्याने धूळ पुसत. वहीच्या पहिल्या पानावर भाऊंच्या गोल अक्षरात सूचना होती: 'सत्तावीसच्या वर गेलं की लगेच फोन करायचा. थांबायचं नाही, लपवायचं नाही.'

सहा आणि सात नंबरच्या यंत्रांमधलं एक घर रिकामं होतं. तिथलं जुनं यंत्र भाऊंनी शेवटच्या आठवड्यात काढून टाकलं होतं. रिकाम्या घरावर लावायची काळी, कोरी पट्टी फळीवर तशीच पडलेली होती, दोन स्क्रूंसकट. कामाच्या पहिल्याच सकाळी वहिनींनी ती स्वतःच्या हातांनी लावून टाकली. घर उघडं ठेवलं की मागची गरम हवा पुढे येते, हे त्यांना पाठ होतं. "घराला खिडकी हवी, रॅकला नको," हेही भाऊंचंच.

त्या मंगळवारी फडकं फिरवताना त्यांचा हात पट्टीवर थांबला.

पट्टी कोमट होती. तापलेली नव्हे. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

वहिनींनी पट्टीच्या वरच्या आणि खालच्या यंत्रांची तोंडं चाचपली. गार. परत पट्टीवर हात ठेवला. मग वहीत तापमान लिहिलं, एकवीस, आणि दार ओढून घेतलं.

२

वाचनखोलीत खिडकीशी सूरवाले काका बसलेले असत. जन्मापासून दिसत नव्हतं, आणि सत्तर वर्षांचं आयुष्य त्यांनी लोकांची वाद्यं सुरात लावण्यात घालवलं होतं. आता हात थरथरतात म्हणून रोज सकाळी येऊन पुस्तकं ऐकत. त्यांची खुर्ची यंत्रांच्या खोलीच्या भिंतीला लागून होती. त्यांना ती भिंत गुणगुणताना ऐकायला आवडायची.

"वहिनी, नवीन पाहुणा आणलात का?" कानांवरचे हेडफोन खाली करून त्यांनी विचारलं.

"कसला पाहुणा?"

"तिकडे. बारा पंखे असतात ना? आज तेरा चालू आहेत."

एकेका यंत्रात खरं तर चार-सहा छोटे पंखे असत, पण काका एका यंत्राचा मिळून एक सूर धरत आणि त्याला एक पंखा म्हणत. ते कधी चुकत नसत. एकदा नऊ नंबरचं यंत्र बंद पडलं तेव्हा भाऊंच्या आधी काकांनी बोळात येऊन हाक मारली होती.

"काका, तुम्ही चहा न घेता आलात वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"चहा घेऊन आलोय आणि कानही धुऊन आलोय. तेरा आहेत. तेरावा जरा खालच्या सुरात आहे. आणि..." ते थांबले. "एकसारखा नाही. पंखा एकसारखा वाजतो. हा येतो आणि जातो."

"वातानुकूलनाचा असेल. जुना झालाय."

"असेल बुवा." काकांनी हेडफोन परत चढवले. पण त्यातलं पुस्तक त्यांनी सुरू केलं नाही, हे वहिनींना दिसलं.

बुधवारी वहीत साडेएकवीस लिहिलं. वहिनींना उगाच वाटलं म्हणून त्यांनी मागची पानं उलटली. भाऊंच्या अक्षरात पानामागून पान एकवीस, एकवीस, एकवीस. त्यांच्या स्वतःच्या अक्षरातही आठ महिने तोच आकडा. अर्ध्या अंशाने काय होतंय, त्यांनी मनाला सांगितलं. उन्हं वाढली असतील. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

वही मिटताना त्यांना सात नंबरच्या यंत्रावर नारिंगी दिवा दिसला.

३

सात नंबरला भाऊ आत्या म्हणत, कारण सगळं बोलणं तिच्या पोटात. चार हजार पुस्तकं, चाळीस वर्षांचे आवाज. त्यातले कित्येक वाचणारे आता हयात नव्हते. त्यात एक पुस्तक भाऊंचंही होतं. एकदा वाचणारे गृहस्थ आले नाहीत म्हणून त्यांना माईकसमोर बसवलं होतं. घड्याळं दुरुस्त करण्यावरचं पुस्तक. मधे खोकला, मधे "परत घेतो हं," असं सगळं तसंच राहिलेलं. सूरवाल्या काकांशिवाय ते कुणी ऐकत नसे. वहिनींनी आठ महिन्यांत एकदाही ऐकलं नव्हतं. धीर होत नव्हता. पण कधीतरी ऐकायचंच होतं, आणि त्यासाठी ते तिथे असायला हवं होतं.

त्यांनी लगेच फोन लावला. "सात नंबरचं यंत्र, तीन नंबरची डिस्क. तीन म्हणजे डावीकडून चौथी. मोजून नाही, आकडा वाचून सांगतेय."

"काकू, तुमच्यासारखं सांगणारं माणूस मला दुसरीकडे कुठेच भेटत नाही," पलीकडून चष्मेवाली म्हणाली.

चष्मेवाली म्हणजे ती बाहेरची इंजिनिअर. वहिनींच्या लेकीच्या वयाची, चष्मा डोक्यावर ठेवून तो खोलीभर शोधणारी. गुरुवारी सकाळी ती नवी डिस्क घेऊन हजर झाली. लॅपटॉप उघडून बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा उतरला.

"काकू, बसा जरा."

"उभीच बरी आहे. सांग."

"आत्याबाईंच्या आठ डिस्क आहेत. एक गेली तरी बाकीच्या सात मिळून तिचं काम ओढतात. दोन गेल्या तर सगळं गेलं. तीन नंबर गेलीय. पाच नंबरही चुका करायला लागलीय."

"पण दुसरी प्रत असते ना? टेपवर?"

"भाऊकाका दर शुक्रवारी टेप बदलायचे. ते गेल्यावर कुणी बदललीच नाही. आठ महिने यंत्र रोज त्याच टेपवर लिहीत राहिलं, ती झिजून तुटलीय. आणि दुसरी टेप कोरी आहे. पुढच्या शुक्रवारसाठी त्यांनी पुसून ठेवली असणार."

वहिनींनी मनात परत म्हटलं: पुढचा शुक्रवार.

"आता एकच," चष्मेवाली म्हणाली. "नवी डिस्क घालायची. बाकीच्या सगळ्या मिळून तिला गेलेलं सगळं परत सांगतात. संध्याकाळी सहापर्यंत चालेल. तोवर पाच नंबरने दम धरला की जिंकलो. फक्त तिला तापू द्यायचं नाही. गरमीनेच हे झालंय. पण गरमी येतेय कुठून? खोली तर थंडगार आहे."

वहिनींनी पट्टीकडे बोट दाखवलं.

चष्मेवालीने पिशवीतून लांबून ताप मोजायचं यंत्र काढलं, पिस्तुलासारखं दिसणारं. पट्टीवर लाल ठिपका पडला.

"सदतीस," ती म्हणाली आणि हसली. "ताप नाही हो काकू हिला. अगदी नॉर्मल!"

मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. ती रॅकच्या मागे गेली, जिथे सगळ्या यंत्रांची गरम हवा बाहेर पडते, आणि तिथून ओरडून म्हणाली, "मागे तर फक्त एकतीस आहे."

दोघींनाही त्याचा अर्थ कळत होता. मागची हवा पुढे आली तरी ती एकतीसच असणार.

४

पट्टी काढून बघू, असं चष्मेवाली म्हणाली. दोन स्क्रू, दोन मिनिटांचं काम.

आत काहीच नव्हतं. रिकामं, काळोखं, बिछान्याखालच्या जागेसारखं घर, आणि पलीकडे मागच्या जाळीच्या दारातून येणारा अंधुक उजेड. एक वायरसुद्धा नाही. चष्मेवालीने टॉर्च मारला, कोपरे बघितले, खांदे उडवले. तिला परत मागे जाऊन काहीतरी मोजायचं होतं.

ती गेल्यावर वहिनींनी हात आत घातला.

ऊब मनगटापर्यंत आली. हवा हातावर आली, थांबली, सरली. परत आली, थांबली, सरली. वहिनी मनाला समजावू लागल्या, की पंखे वेग कमी-जास्त करतात. यंत्रावर काम वाढलं की जोरात, नाही तर सावकाश. भाऊंनीच तर सांगितलं होतं. ही हवा तशीच येत-जात असणार.

मग त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक वेळी हवा सरताना शेवटी एक बारीकशी अडखळ आहे. पायरीचा अंदाज चुकावा तशी.

भाऊंचं नाक लहानपणी मोडलेलं होतं. एकतीस वर्षं वहिनी त्या अडखळीशेजारी झोपल्या होत्या. सुरुवातीला तिच्यामुळे वहिनींची झोप उडायची. पुढे ती ऐकू आली नाही की झोप उडायची.

त्यांनी हात काढला नाही.

भाऊ गेले ते याच खोलीत, रॅकच्या मागे. पुढे थंडी वाजली की ते मागे जाऊन गरम हवेत हात शेकत, पाठ टेकून जरा बसत. त्या दिवशी तसेच बसलेले सापडले, संध्याकाळी पाचला, रखवालदाराला. अंगात तपकिरी स्वेटर, कोपरावर वहिनींनी घातलेला निळ्या लोकरीचा रफू. तपकिरी लोकर संपली होती म्हणून निळी. डॉक्टर म्हणाले, दीड-दोनच्या सुमाराला झालं असावं.

रोज दीडला वहिनी डबा घेऊन यायच्या. पण त्या दोन दिवसांसाठी त्या लेकीकडे गेल्या होत्या. नातीला ताप होता. भाऊ म्हणाले होते, "जा गं, मी काय लहान आहे? भूक लागली की उठेन."

पण ते स्वतःहून कधीच उठत नसत. बावीस वर्षांत एकदाही नाही. काचेवर किल्लीने दोनदा टकटक करावी लागायची. मग दार उघडून, "अहो, उठा आता. यंत्रं जेवत नाहीत, तुम्ही जेवता." मग आतून "आलोच". त्या 'आलोच'ला काही अर्थ नसे. शेवटी वहिनी खोलीतला दिवाच बंद करायच्या, पायाने दार अडवून बोळाकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पाचपर्यंत मोजते. नाही आलात तर डबा काकांना."

"शून्यापासून मोज ना," अंधारातून आवाज यायचा. "तेवढाच एक आकडा जास्त मिळतो."

"शून्य-बिन्य काही नाही. एक..."

आणि ते यायचे.

त्या दिवशी कुणी टकटक केली नव्हती. कुणी दिवा बंद केला नव्हता. पाठ टेकून बसलेल्या माणसाला उठा म्हणायला कुणी आलंच नव्हतं. आणि नंतर जी एक फट उरली होती तीही वहिनींनीच, त्यांनी शिकवल्याबरहुकूम, दोन स्क्रू पिळून बंद केली होती.

"काकू, पट्टी लावून टाका," मागून चष्मेवाली म्हणाली. "उघडं ठेवल्यावर वाढतंय."

वहिनींनी पट्टी लावली. पण स्क्रू पिळताना त्यांचा हात जड झाला. आपण इतके दिवस एकट्या नव्हतो, असं त्यांना वाटलं, आणि, खोटं कशाला सांगायचं, बरं वाटलं.

५

नऊला नवी डिस्क बसली. चष्मेवालीच्या पडद्यावर आकडा सरकू लागला. दोन टक्के. नऊ. सतरा. सहा-सात दिवे एकदम लुकलुकत होते. बायकांनी मिळून एखाद्या नव्या सुनेला घरातलं सगळं सांगावं तसं, असं वहिनींच्या मनात आलं.

बारा वाजता पट्टी अडतीसवर होती. एकला एकोणचाळीस. चष्मेवालीने गार हवा पूर्ण सोडली, बाहेरून टेबलफॅन आणून यंत्रासमोर लावला. दोघी शाली पांघरून बसल्या तरी दात वाजत होते. पट्टी मात्र तापतच होती.

वहिनींना आता कळत होतं. सकाळी त्यांनी हात आत घातला होता, आणि काढला नव्हता. ऊब त्यांना ओळखून वाढत होती. आठ महिने ती मागे नुसती बसून राहिली होती, मंगळवारी पट्टीपर्यंत आली होती, आता ती जवळ येऊ बघत होती. आणि तिच्या डोक्यावर नेमकी आत्या होती, चार हजार पुस्तकं पोटात घेऊन. भाऊंनी ज्यासाठी बावीस वर्षं थंडी खाल्ली तेच त्यांच्या उबेने जळून जाणार होतं. त्यांचा स्वतःचा आवाजसुद्धा.

पट्टीवर हात ठेवून बसावं, बाकी काय व्हायचं ते होवो, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

"काकू!" चष्मेवालीचा आवाज चिरका झाला. "पाच नंबर नारिंगी झाली. अजून चालू आहे, पण टिकणार नाही. बासष्ट टक्केच झालेत. बंद करू का सगळं? पण बंद केलं तर ती परत चालू होईल याची खात्री नाही. काय करू?"

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दीडला दोन मिनिटं कमी.

"कशाला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "बाहेर जाऊन काकांजवळ बस. पाच मिनिटं."

"आत्ता?"

"माझं ऐक, बाळा."

काय वाटलं कुणास ठाऊक, ती गेली. लॅपटॉप छातीशी धरून.

वहिनीही बाहेर आल्या. दार बंद होऊ दिलं. पदराला हात पुसले. मग पिशवीतून घराची किल्ली काढून काचेवर दोनदा वाजवली. टक, टक.

दार उघडून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"अहो," त्यांना वाटलं होतं आवाज निघणार नाही, पण तो रोजच्यासारखा, थोडा वैतागलेला निघाला. "उठा आता. यंत्रं जेवत नाहीत, तुम्ही जेवता."

पंखे घोंघावत होते. दुसरं काही नाही. त्यांनी हात वर करून दिवा बंद केला. खोलीत आता नुसते ठिपके राहिले, हिरवे, आणि मधे दोन नारिंगी. त्यांनी पायाने दार अडवलं आणि बोळाकडे तोंड केलं. दार जड होतं, पोटरीवर त्याचा सगळा भार आला.

"उशीर झाला मला," त्या म्हणाल्या. "माहितीये. लेकीकडे होते. आता आलेय ना? चला. मोजते हं पाचपर्यंत."

त्यांनी श्वास घेतला.

"शून्य," वहिनी म्हणाल्या.

मागे घोंघावण्याचा सूर किंचित बदलला.

"एक. दोन."

काहीतरी मंदावत होतं. बंद केलेला पंखा थांबताना जसा एकेक फेरा मोजून घेतो तसं.

"तीन."

मागच्या बाजूला, रॅकच्या पलीकडे, गुडघ्यावर हात टेकून कुणी उठावं तसा कपड्याचा बारीक आवाज. यंत्रं गार झाली की पत्रा आवळतो, त्याचा असा आवाज होतो, वहिनींनी मनाला सांगितलं. होतो. त्यांनी ऐकलाय.

"चार."

मानेवर ऊब आली. थांबली. सरली, आणि शेवटी अडखळली.

"पाच," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या पोटरीवरचा दाराचा भार उतरला. आतून कुणी दार धरलं होतं.

वळून बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. वळल्या नाहीत. पण समोर, बोळात उघडलेल्या वाचनखोलीच्या दाराची काच होती, आणि त्या काचेत त्यांच्या खांद्यामागे, क्षणभरच, एक कोपर दिसलं. तपकिरी. त्यावर निळा रफू.

"चला," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

वाचनखोलीच्या दाराशी सूरवाले काका आणि चष्मेवाली बसले होते. काकांनी पांढरी काठी बोळात आडवी सोडली होती. वहिनींची चाहूल लागताच त्यांनी ती जवळ ओढली आणि वाट करून दिली. वहिनी पुढे गेल्यावर त्यांनी काठी परत सोडली. लगेच पुन्हा जवळ ओढून घेतली, आणि या वेळी अदबीने पायही आत घेतले.

चष्मेवालीच्या पडद्यावर पाच नंबरची डिस्क परत हिरवी झाली होती.

"काकू, काय केलंत तुम्ही?"

"दिवा बंद केला," वहिनी न थांबता म्हणाल्या. "घरी जेवून येते."

"बारा," मागे काका स्वतःशीच म्हणाले.

६

सहा वाजून दहा मिनिटांनी शंभर टक्के झालं. नंतर पाच नंबरची डिस्कही बदलली, नव्या टेपा आल्या. टेप दर शुक्रवारी वहिनी स्वतः बदलतात. खोलीत एकवीस असतं. पट्टी गार असते. चष्मेवाली अजूनही कधीतरी तिच्यावर लाल ठिपका पाडून बघते आणि डोकं खाजवते.

भाऊंचं पुस्तक वहिनींनी अजून ऐकलेलं नाही. आता घाई वाटत नाही.

त्या दुपारी घरी आल्यावर त्यांनी दार नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उघडं ठेवलं होतं. मग जेवायला वाढलं. भाऊंच्या खुर्चीच्या पाठीवर सहज हात टेकला. कोमट होती.

पहिले काही दिवस त्या भारीच खुशीत होत्या. बोलायला कुणीतरी होतं. रात्री झोप लागायची, कारण शेजारी ती अडखळ होती. मग सवयीने त्यांनी बाजारातून एक तापमापक आणला, स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला, आणि रोज सकाळी कॅलेंडरच्या कोपऱ्यात आकडा लिहायला लागल्या. साडेतेवीस. चोवीस. साडेचोवीस.

हल्ली जिना चढून आलं की त्यांना दम लागतो. परवा वाचनखोलीत काकांनी हेडफोन बाजूला केले आणि जरा वेळ कान देऊन म्हणाले, "वहिनी, तुमचा श्वास सुरात नाही. शेवटी कुठेतरी अडखळतो. डॉक्टरांना दाखवा."

"वय झालं, काका," वहिनी हसून म्हणाल्या.

आज रविवार. सकाळी लेकीचा फोन आला. आई, माझ्याकडे ये ना राहायला, किती दिवस एकटी राहणार, नात रोज विचारते, असं सगळं नेहमीचं बोलून झालं. मग ती मधेच थांबली.

"आई, पंखा लावलायस का गं? एवढ्या थंडीत? घरघर ऐकू येतेय."

वहिनींनी वर बघितलं. पंख्याची पाती स्थिर होती, त्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. खिडकीबाहेर रस्त्यावरून माणसं कानांना मफलर गुंडाळून चालली होती. त्यांनी भिंतीवर बघितलं, आणि हातातल्या पेन्सिलीने कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलं, साडेसत्तावीस.

थांबायचं नाही, लपवायचं नाही. फोन तर हातातच होता.

शेजारच्या खुर्चीकडून ऊब आली, थांबली, सरली.

"हो गं," वहिनी म्हणाल्या, आणि खुर्ची जरा जवळ ओढून घेतली. "पंखाच आहे."